पसंती बदलत राहते, मग भलं कशावरून ठरवायचं?

पक्षाघातानंतर बाबांना रोज व्यायाम द्यावा लागायचा. सकाळी सातला फिजिओथेरपीच्या ताई आल्या की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. "आज नको. मला हे नकोच आहे, तुम्ही कुणी ऐकत नाही." आठ वाजता, टॉवेलने मान पुसताना, तेच बाबा म्हणायचे, "बरं झालं केलं." रात्री उद्याचा विषय काढला की, "बघू." भाऊ म्हणायचा, सकाळचं खरं, कशाला छळता त्यांना. आई म्हणायची, आठचं खरं. एखाद्या योजनेनं लोकांचं भलं झालं का, हे त्यांना विचारून अहवाल लिहायचा, हेच माझं सतरा वर्षांचं काम. आणि घरात मला सांगता येईना.

आमच्या कामाला सोयीची एक समजूत आहे. माणूस जे निवडतो ते त्याला हवं असतं, आणि हवं ते मिळालं की त्याचं भलं होतं. निवडीवरून पसंती ओळखायची रीत पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये अर्थशास्त्रात मांडली, आणि पुढे अनेकांनी तिलाच भल्याची मोजपट्टी केलं. निवड जागच्या जागी राहते तोवर ही पट्टी चालते. सातला एक आणि आठला दुसरंच उत्तर आलं की ती हातातच मोडते.

पुढे लिहिते आहे ती पद्धत मी घरात आणि कामात, दोन्हीकडे वापरली आहे. सर्वेक्षण करणाऱ्यांना, आजारी माणसाच्या वतीनं ठरवावं लागणाऱ्यांना, इतरांसाठी काय बरं हे समितीत बसून ठरवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असं मला वाटतं.

उत्तराआधी प्रसंग लिहून घ्या

वहीत नुसतं "हवं" किंवा "नको" लिहू नका. त्या शब्दाच्या आधीचं सगळं लिहा. किती वाजले होते, विचारणारं कोण होतं, खोलीत आणखी कोण होतं, अंग दुखत होतं का, झोप झाली होती का, पर्याय किती सांगितले, कुठला आधी सांगितला, नेमक्या कुठल्या शब्दांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो माणूस काहीच बोलला नसता तर काय झालं असतं. हा शेवटचा रकाना माझ्या जुन्या प्रश्नावल्यांमध्ये कधीच नव्हता, आणि त्याच्याविना गोळा केलेल्या उत्तरांवर मी आता भरवसा ठेवत नाही.

बाबांसाठी मी शाळेची एक रेघी वही घेतली आणि एकवीस दिवस लिहिलं. सकाळी सतरा वेळा नकार. ज्या चार दिवशी नकार आला नाही, त्या चारही दिवशी आदल्या रात्री त्यांना सलग झोप लागली होती. आणखी एक गोष्ट वहीनं दाखवली. "करायचा ना व्यायाम?" असं विचारलं की "नको". "आधी हात घ्यायचा की पाय?" असं विचारलं की ते "पाय" म्हणायचे आणि उठून बसायचे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. दोन दिवसांनी तो ओसरला. दुसऱ्या प्रश्नात "नको" म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. त्यानं काम होत होतं, पण बाबांना काय हवंय हे त्यातून कळत नव्हतं. जिथे नकाराची वाट बंद आहे तिथला होकार वेगळ्या शाईनं लिहा. मी लाल वापरते.

वस्तू बदलली की वेष्टन बदललं, ते पाहा

पावसात माणूस छत्री घेतो, उन्हाळ्याच्या संध्याकाळी घेत नाही. याला कुणी चंचल म्हणत नाही, कारण छत्रीचा उपयोगच बदललेला असतो. परिस्थितीनं निवड बदलली म्हणून लगेच पसंतीवर शंका घेऊ नका. आधी विचारा, की जे बदललं ते त्या माणसाच्या लेखी कारण आहे का? त्याला उघड सांगितलं, "काल अमुक होतं म्हणून तुम्ही हे म्हणालात, आज तमुक आहे म्हणून ते म्हणताय," तर तो "बरोबर आहे" म्हणेल का?

कधी कधी तो चकित होईल. बार्बरा मॅकनील, एमॉस ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८२ चा एक प्रयोग आहे. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेत शंभरातले नव्वद वाचतात. काहींना, शंभरातले दहा दगावतात. आकडा एकच. तरी पहिल्या मांडणीत शस्त्रक्रियेला कितीतरी जास्त पसंती मिळाली, आणि ज्यांना विचारलं त्यांच्यात डॉक्टरही होते. "तुम्ही दहा ऐकलं म्हणून किरणोपचार घेतलेत" हे ऐकून कुणीही "बरोबर" म्हणणार नाही. इथे फक्त वेष्टन बदललं आहे.

गप्प राहण्याचा रकाना का हवा, त्याचं सर्वांत ठळक उदाहरण अवयवदानाचं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांचे आकडे शेजारी ठेवले. जर्मनीत दात्यानं स्वतः नोंद करावी लागत असे, तिथे संमती १२ टक्के. ऑस्ट्रियात गप्प राहणं म्हणजेच संमती, तिथे ९९.९८ टक्के. शेजारी शेजारी देश. जर्मन माणसांना नको आहे आणि ऑस्ट्रियन माणसांना हवं आहे असं यातून काढणारा अहवाल मी तरी सहीविना परत पाठवीन. हे दोन्ही आकडे लोकांच्या इच्छेपेक्षा फॉर्मबद्दल जास्त सांगतात.

कुठली उत्तरं बाजूला काढायची

डग्लस बर्नहाइम आणि अँटोनियो रँगेल यांनी २००९ मध्ये सुचवलेला नियम मला सगळ्यात वापरता येण्याजोगा वाटतो. सोप्या भाषेत तो असा: दोन गोष्टी समोर असताना, कुठल्याही ग्राह्य प्रसंगात माणसानं दुसरी कधीच घेतली नाही, तर पहिली त्याच्यासाठी बरी, असं ठामपणे म्हणा. कधी ही, कधी ती घेतली, तर ठाम बोलू नका. जे प्रसंग ग्राह्य नाहीत, म्हणजे जिथे आपल्याला काय मिळतंय हेच त्याला नीट समजलेलं नव्हतं, ते आधी बाजूला काढा.

अडचण सगळी "ग्राह्य" या शब्दात आहे, आणि तिथेच मी चुकले. प्रशिक्षण घेणाऱ्या बायकांना मिळणारी मदत एकरकमी हवी की दरमहा, हे पाहायचं होतं. फॉर्मवर बहुतेकींनी एकरकमीवर खूण केली. दोन आठवड्यांनी बैठकीत विचारलं तेव्हा बहुतेकींनी दरमहावर हात वर केले. मी लिहिलं: फॉर्म घाईत भरले गेले, बैठकीतलं उत्तर विचारपूर्वक दिलेलं, म्हणून तेच धरावं. सोबतच्या सहकारी बाईंनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "उत्तरं उलटी आली असती, तर तू फॉर्म टाकून दिले असतेस का?"

नसते दिले. दरमहा मदत बरी, असं माझं मत आधीपासून होतं. त्या बैठकीत मदत वाटणारे अधिकारी पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांना दरमहा सोयीचं आहे हे सगळ्याच बायकांना ठाऊक होतं, ही गोष्ट माझ्याच टिपणात होती. मी ती वाचलीच नव्हती. घाईचा फॉर्म टाकून मी दडपणाखालचा हात ठेवला होता.

आम्ही परत गेलो. एकेकीला एकटीला भेटलो, कागद न दाखवता दोन्ही पर्याय तोंडी सांगितले, अर्ध्या जणींना उलट्या क्रमानं. मग म्हटलं, "आता तुमच्या शब्दांत सांगा, तीन महिन्यांनी तुमच्या हातात किती असेल आणि त्यातलं कुणाचं देणं असेल?" ज्यांना हे बरोबर सांगता आलं नाही त्यांना पुन्हा समजावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. शेवटी उत्तर एक आलंच नाही. डोक्यावर कर्ज असलेल्यांना एकरकमी हवी होती. ज्यांच्याकडून घरात पैसे मागून घेतले जात होते त्यांना दरमहा. "सरासरी पसंती" असा आकडा काढला असता तर या दोघींपैकी कुणाच्याच तो कामाचा नव्हता.

तेव्हापासून बाजूला काढण्याचा नियम मी उत्तरं पाहण्याआधी लिहिते आणि तारीख टाकून दुसऱ्या कुणाकडे देते. नियमात फक्त समजुतीविषयी आणि दडपणाविषयी लिहायचं. "भावनेच्या भरात" हे कारण मी मान्य करत नाही. भावना असताना माणूस आपलं हित विसरतोच असं नाही, आणि या कारणाखाली ज्यांची उत्तरं टाकली जातात ती नेहमी त्याच माणसांची असतात, ज्यांचं एरवीही कुणी ऐकत नाही.

आधी, चालू असताना आणि नंतर

बाबांच्या आठ वाजताच्या उत्तरावर आईचा भरवसा होता. माझाही होता, पण डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा थंड पाण्याचा प्रयोग आठवला. लोकांनी एकदा ६० सेकंद हात १४ अंशांच्या पाण्यात ठेवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. तिसऱ्यांदा यातलं कुठलं करायचं असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. म्हणजे जास्त त्रास निवडला, कारण शेवट जरा बरा होता. आठवणीत किती वेळ लागला हे फारसं उरत नाही. सर्वांत तीव्र क्षण उरतो आणि शेवट उरतो.

"बरं झालं केलं" यात सुटल्याचा आनंद किती आणि व्यायामाचा किती? नंतर विचारून ते कळणार नव्हतं. मी मधेच विचारायला लागले. दर पाच मिनिटांनी, शून्य ते दहा, किती दुखतंय. बोलायचं नाही, डाव्या हाताची बोटं दाखवायची, पाचाच्या वर असेल तर दोनदा. पहिले तीन दिवस बाबा वैतागले, मग सवय झाली.

वही भरत गेली आणि ज्याला आम्ही सगळे "व्यायाम" म्हणत होतो त्याचे दोन तुकडे पडले. पायाचं सगळं, उभं राहणं, कठड्याला धरून चालणं, दोन-तीन बोटं. उजवा खांदा वर नेणं, आठ. एकदा नऊ. सकाळी सात वाजता बाबा नको म्हणत होते ते खांद्याला. आठ वाजता बरं झालं म्हणत होते ते चालण्याला, कारण ताई चालणं शेवटी घ्यायच्या. दोन्ही उत्तरं खरी होती आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दल होती. आम्ही मात्र एकाच नावाच्या गोष्टीबद्दल माणूस उलटसुलट बोलतो म्हणून घरात भांडत होतो.

मी वही ताईंना दाखवली. त्यांनी खांदा तपासला, उचलण्याची पद्धत बदलली, हात टेबलावर ठेवून सरकवायला लावला. पुढच्या आठवड्यात आठाचे पाच झाले.

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक "बदलत्या पसंती" अशाच उलगडतात. म्हणून परस्परविरोधी उत्तरं मिळाली की मी तोल काढत बसत नाही. ज्या शब्दाबद्दल विचारलं तो शब्द फोडते. "नोकरी आवडते का" याचे काम, प्रवास, वरिष्ठ आणि पगार असे तुकडे करते. "या घरात राहायचंय का" याचे खोली, माणसं, एकटेपण असे. मग पुन्हा विचारते.

सगळंच असं उलगडत नाही. अनुभव घेतल्यानं पसंती खरोखर बदलते. २०१८ मध्ये अमेरिकेत हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. बंद ठेवणाऱ्यांना स्वतःच्या सांगण्यानुसार थोडं बरं वाटलं, आणि पुढे आणखी बंद ठेवण्यासाठी ते आधीपेक्षा कमी मोबदला मागायला तयार झाले. अशा ठिकाणी ज्यानं दोन्ही अनुभवलं आहे त्याच्या उत्तराला मी जास्त वजन देते, पण दुसरं उत्तर खोडत नाही. व्यसनही अनुभवानंतरच लागतं.

सगळीकडे एकच उत्तर आलं तरी थांबू नका

हा भाग मला सर्वांत अवघड जातो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, सिंगूरला तब्येतीची एक पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत खराब किंवा जेमतेम असल्याचं सांगितलं. विधवांपैकी अवघ्या २.५ टक्क्यांनी. अमर्त्य सेन हे आकडे पुनःपुन्हा पुढे आणतात. विधवांची तब्येत इतकी उत्तम होती असं यातून काढायचं नाही. जेमतेम तब्येत ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, असं त्यांना कधी वाटूच दिलेलं नव्हतं. अशा बाईला सकाळी विचारा, रात्री विचारा, शब्द बदलून विचारा, उत्तर बदलणार नाही. बर्नहाइम-रँगेलचा नियम इथे ठामपणे चुकीचं बोलेल.

म्हणून विचारण्याच्या जोडीला न विचारता दिसणारं काहीतरी मोजा. किती तास झोप, वजन, जिना चढल्यावर लागणारी धाप, घराबाहेर एकटीनं किती वेळा गेली, आजारपणात डॉक्टरकडे न्यायला किती दिवस लागले. हे आणि तिचे शब्द जुळत नसतील तर अहवालात ते न जुळणंच लिहा.

पण लगेच उलट बाजूही पाहायला हवी, नाहीतर आपण उद्धट होतो. गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्लिगर यांनी १९९९ मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यातल्या ५४ टक्क्यांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय असं सांगितलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही आणि तो पटकन म्हणतो, बिचाऱ्यांनी मनाची समजूत घातली आहे. आमच्याकडे येऊन बसणारे लोक बाबांच्या देखत हे बोलत. बाबा डाव्या हातानं लिहायला शिकत होते आणि पहिलं सरळ अक्षर आलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ती मनाची समजूत नव्हती.

मग समाधान कुठलं खरं मानायचं? मी दोन गोष्टी पाहते. या माणसानं दुसरा पर्याय कधी जवळून पाहिला आहे का? आणि तो पर्याय खरोखर हातात दिला, नकार दिल्यास काहीही बिघडणार नाही अशी हमी दिली, तर समाधान टिकतं का? सिंगूरच्या विधवांना असा पर्याय कुणी दिला नव्हता. बाबांना उजव्या हाताचा पर्याय माहीत होता, सत्तर वर्षं त्यांनी तोच वापरला होता. याहून पक्का नियम माझ्यापाशी नाही, आणि नियमाचं नाव पुढे करून कुणी हा प्रश्न पटकन मिटवला की मला काळजी वाटते.

लिहिताना आणि ठरवताना

इतकं करूनही मतभेद उरला तर तो तसाच लिहा. "अशा प्रसंगी हे, तशा प्रसंगी ते, दोन्ही वेळी समजून-उमजून." वरिष्ठ एक आकडा मागतील. मी दोन देते, वरचा आणि खालचा, आणि त्यांच्यामध्ये काय बदलतं ते एका वाक्यात.

ठरवणं भाग असेल तर आधी बघा, निर्णय फिरवता येतो का. फिरवता येत असेल तर करून पाहा आणि पुन्हा विचारायची तारीख आजच ठरवा. फिरवता येत नसेल तर निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी विचारा. तिन्ही उत्तरं जुळेपर्यंत थांबता येत असेल तर थांबाच.

आणि एका प्रकारच्या उत्तराला मी सगळ्यांत जास्त मान देते: माणूस स्वतःच शांतपणे म्हणतो, की मला अडवा. फिलिपिन्समध्ये एका बँकेनं सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना एक खातं देऊ केलं होतं, त्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने पैसे भरायचे, शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटीन सापडलं तर पैसे गेले. ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या ११ टक्के लोकांनी खातं घेतलं. सिगारेट ओढणारा आणि सोडू पाहणारा यांच्यात निवाडा बाहेरच्या कुणी केला नाही, त्यांनी स्वतः केला. अशा निवाड्याला मुदत मात्र हवी, आणि मुदत संपली की तो आपोआप सुटायला हवा.

हे मी बाबांना सांगितलं. वही त्यांच्या मांडीवर ठेवली, बोटांचे आकडे वाचून दाखवले, आणि म्हटलं, आता तुम्हीच ठरवा. आठवड्यातून किती दिवस, खांदा किती वेळ, आणि सकाळी नको म्हणालात तर आम्ही ऐकायचं की नाही. त्यांनी पेन मागितलं. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात, बराच वेळ लावून लिहिलं: "सहा दिवस. खांदा दहा मिनिटं. नको म्हटलं तर एकदा परत विचारा, दुसऱ्यांदा नको म्हटलं तर सोडा. महिनाभर." खाली सही केली. मग कागद परत घेऊन आणखी एक ओळ घातली: "हे रात्री लिहिलं आहे. सकाळी दाखवा."

सकाळी दाखवलं. त्यांनी "सहा" खोडून "पाच" केलं, बाकी तसंच ठेवलं, आणि उठून बसायला हात पुढे केला.